उकंडरावाचा काटा

दुकानात कोणी नव्हतं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, दुपारची वेळ होती, बाहेरून कापसाच्या गाड्या कुरकुरत चालल्या होत्या आणि कर्ण्यातून गाणी वाजवणारी माझी मशीन नुकतीच पुरी झाली होती. पाच वर्षं लागली तिला. सोळाव्या सुराला मीटरचा काटा उठला, पहिल्या पंधरा सुरांना जिथं थांबला होता बरोबर तिथंच येऊन थांबला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नाईक, कसा वाटते आवाज?” आतल्या खोलीतून माझी बायको द्वारका म्हणाली, “कोन आलंय? च्या ठेवू का?” मी म्हणालो, “कोनी न्हाई.” ती दारात येऊन उभी राहिली. “मंग बोलून कोनाशी राहिले?” ज्या माणसाला मी भर जत्रेत खाली बघायला लावलं, ज्याचं नाव हिंगोलीच्या बाजारातून पुसलं आणि पुसून झाल्यावर हात झटकले, तो माझ्याच जिभेवर ठाण मांडून बसला होता. मला स्वतःच्या जिभेचा असा संताप आला की मी बॅटरीची तार उपसून काढली आणि द्वारकेवरच खेकसलो. ती आत गेली. वीस वर्षांत तिला माझे राग ओळखू यायला लागले आहेत, कोणता तिच्यावरचा आणि कोणता दुसऱ्यावरचा.

माझं नाव उकंडराव. माझ्या आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि केर म्हणून परत उचललं, म्हणजे मरणाची नजर पडू नये. आमच्या साखरा गावात अशी नावं घरोघर आहेत, तिथं कोणी हसत नाही. हैदराबादेत हसायचे. रेडिओ दुरुस्तीच्या ज्या कारखान्यात मी सहा वर्षं काढली तिथं माझ्या नावाचा अर्थ एकानं दुसऱ्याला समजावून सांगितला आणि मग तो सगळ्यांना कळला. तेव्हापासून मला आकडा प्यारा झाला. आकड्याला तुमचं नाव माहीत नसतं, तुमचं गाव माहीत नसतं. माझे उस्ताद म्हणायचे, कान बेइमान आहे, जेवल्यावर एक ऐकतो आणि उपाशी दुसरं ऐकतो. काट्याला पोट नाही. त्यांनीच मला येताना तो मीटर दिला आणि ती तबकडी दिली, जिच्यावर गाणं नाही, नुसते सोळा सूर आहेत, सगळ्यात जाड्यापासून सगळ्यात बारीकपर्यंत. तबकडी लावायची, मशीनच्या तारेला मीटर जोडायचा आणि बघायचं. सोळाही सुरांना काटा सारखाच उठला तर मशीन खरी. एखाद्या सुराला कमीजास्त झाला तर तिथं ती खोटं बोलते. किती साफ गोष्ट. मी हिंगोलीत दुकान टाकलं, फोनो आणि रेडिओ दुरुस्त करू लागलो, लग्नाकार्याला कर्णा लावू लागलो आणि पहिली तीन-चार वर्षं लोक आवाजापेक्षा माझा काटाच बघायला यायचे. तो काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

मग एक्केचाळीसच्या वैशाखात डोंगरकडा गावच्या तातेरावांच्या लेकीचं लग्न निघालं. तातेराव मोठे जमीनदार, गावात कर्णा पहिल्यांदाच येणार होता आणि आवाज पसंत पडला तर मशीन कायमची गावच्या देवळासाठी ठेवून घ्यायची असं त्यांनी चार माणसांत बोलून दाखवलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी खळ्यावर मी मशीन लावून दाखवली. काटा सोळा सुरांना सोळा वेळा सारखा उठला. लोकांनी माना डोलावल्या. मग मी गाण्याची तबकडी लावली. तेवढ्यात वरातीच्या बैलांसाठी घंट्या घेऊन आलेला एक म्हातारा उठला आणि कोणाला काही न सांगता चालायला लागला. तो वसराम, जवळच्या तांड्याचा नाईक. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तांडा शेती करत होता, हा मात्र तांबटांकडून घंट्या पारखून घ्यायचा आणि गावोगाव विकायचा. तो नाला ओलांडून पलीकडच्या बांधावर गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, लघवीला गेला असेल. गाणं संपल्यावर तो परत आला.

“बिमार हाय,” तो म्हणाला.

“कोन बिमार?” तातेरावांनी विचारलं.

“ह्याचा आवाज. घशात काहीतरी घासून राहिलं. जवळून न्हाई समजत. नाल्यापल्याड गेलं की समजते. उद्या दगा देईन हा.”

मी मीटर उचलून त्याच्या नाकासमोर धरला. “हे पाहा, नाईक. सोळाचे सोळा सूर बराबर. ही बैलाच्या गळ्यातली घंटी न्हाई.”

“व्हय,” तो शांतपणे म्हणाला, “घंटी असती तं बैल रस्ता चुकला असता.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्यावर हसायचंच होतं. दुसऱ्या दिवशी भटजी ‘शुभमंगल’पर्यंत आले आणि ‘सावधान’च्या जागी कर्ण्यातून गाढव पिळल्यासारखा आवाज निघाला. वरातीचे बैल दावी तोडून पळाले, नवरदेवाच्या मामाला त्यांनी तुडवलं, अक्षता भलत्याच माणसांच्या डोक्यावर पडल्या. कर्ण्यातला आवाज काढणारा पातळ पडदा घासत होता. सगळ्यात वाईट म्हणजे मीटर जोडलेलाच होता आणि त्याच्या काट्याला ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. तो तारेतलं मोजत होता. पडदा बिघडला होता तो तारेच्या पुढे, हवेच्या तोंडाशी. हे मला त्या क्षणी समजलं, आणि समजून काही उपयोग नव्हता. तातेराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सगळ्यांदेखत हळूच म्हणाले, “उकंडराव, तुमच्या काट्यापरीस नाईकाचा कान बरा.” मशीन मी गाडीत घालून परत आणली. माझ्या आधी ती गोष्ट हिंगोलीत येऊन पोचली होती. आठवड्याभरात बाजारात म्हणच पडली, घर जळालं तरी उकंडरावाचा काटा सरळ. कोणाचा हिशोब चुकला, कोणाची सून माहेरी पळाली, कोणाचा वायदा फसला, की म्हणायचे, उकंडरावाचा काटा. ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं तेही म्हणायचे. उकिरड्यावर आईनं एकदाच ठेवलं होतं, ह्या लोकांनी रोज ठेवलं. आणि मी ठरवलं की हे ज्यानं केलं त्याला मी सोडणार नाही. पडद्याला नाही, तातेरावांना नाही. नाल्यापल्याड पाठ करून उभ्या राहिलेल्या त्या पाठीला.

सूड घाईनं घेतला की कच्चा राहतो. मी वसराम नाईकाशी दोस्ती केली. बाजारच्या दिवशी तो घंट्या घ्यायला यायचा, मी त्याला हाक मारून दुकानात बसवायचो, चहा पाजायचो आणि विचारायचो. तो भोळा होता असं मी म्हणणार नाही. त्याला विचारणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं, एवढंच. घंटी लांबून विकत घ्यायची, तो सांगायचा. जवळ गोड वाजते तिच्यावर भुलायचं नाही. विकणारा घंटी घेऊन दूर जातो, आपण पाठ करून उभं राहायचं, कारण डोळा मध्ये बोलतो. पूर्वी पुढच्या बैलाची घंटी शेवटच्या बैलाला ऐकू गेली पाहिजे असायची, मध्ये टेकडी आली तरी. एकदा तो म्हणाला, “आन दिवसाचा पयला आवाज देवीचा. तो आपन ऐकायचा न्हाई. मनात तिचं नाव घेत राहायचं, कान तिच्या पायापाशी ठेवायचा.” मी विचारलं, “काहून?” तो म्हणाला, “पयल्याचा लोभ बसते, उकंडराव. मंग दुसऱ्याला न्याव भेटत न्हाई. समद्या घंट्या ऐकून झाल्या की पयली पुन्हा वाजवायची. तवा ती आपली.” माझ्या उस्तादांनी जे सांगितलं होतं तेच हा अडाणी माणूस सांगत होता, की कान बेइमान आहे. उस्तादांनी कान टाकून दिला होता. ह्यानं त्याला वळण लावलं होतं. मला त्या दिवशी आनंद झाला हे कबूल करतो. असा आनंद की जो फक्त धंद्यातल्या माणसाला धंद्यातल्या माणसाशी बोलताना होतो. मग म्हण आठवली आणि आनंद नासला. देवीचं नाव घेताना त्याची मान थोडी खाली जाते, हेही मी बघून ठेवलं. मी मोजणारा माणूस आहे.

दोन वर्षांनी दसऱ्याच्या जत्रेत मी परीक्षा जाहीर केली. एक मशीन हैदराबादहून आणलेली, एक माझी, दोन्ही गोणपाटाच्या पडद्यामागे, गाणं एकच. नाईकानं सांगावं कोणती सरस. पंच म्हणून तातेरावांना मुद्दाम बोलावलं. नाईक स्वच्छ पागोटं बांधून आला. “तुमी बोलावलं म्हनून आलो,” तो म्हणाला. दोनेकशे माणूस जमलं होतं. मैदानाच्या पार टोकाला जाऊन तो पाठ करून उभा राहिला. त्यानं सकाळपासून काही पारखलं नव्हतं ना, हे मी त्याला आधीच विचारून घेतलं होतं, काळजीनं विचारावं तसं. मी तबकडी लावली. त्याची मान खाली गेली. संपल्यावर मी पडद्यामागे खडखड केली, दुसरी मशीन जोडल्यासारखी, आणि तीच तबकडी त्याच मशीनवर पुन्हा लावली. त्याची मान वर आली. पडद्यामागे एकच मशीन होती. माझं सगळं अंग थंड आणि हलकं झालं होतं.

तो मैदान तुडवत परत आला, लोकांनी वाट दिली. “दुसरी झ्याक हाय,” तो म्हणाला. “लई साफ. आता पयली...”

मी गोणपाट ओढलं.

आधी लोकांना समजलं नाही. मग एकानं मोजलं, एक! आणि मग ते हसणं सुरू झालं. तातेरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. एकाच मशीनची दुसरी झ्याक! बैलाला घंटी, नाईकाला दोन! नाईक त्या एकट्या मशीनकडे बघत उभा राहिला. त्याचं वाक्य तोंडातच राहिलं होतं, पहिली आता पुन्हा लावा, हे. ते देवीचं प्रकरण त्या हसणाऱ्या दोनशे माणसांना समजावून सांगणं शक्य नव्हतं, आणि ते माहीत असणारा तिथं दुसरा एकच माणूस होता. त्याच्याकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, “तुमाला तं ठाव हाय, उकंडराव.” मी म्हणालो, “काय ठाव हाय?” एवढंच. तो पागोटं सारखं करून गेला.

तीन दिवस मला जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोलू, तीन महिने लागलं. माझी म्हण मेली आणि त्याची जन्मली. नाईकाच्या दोन मशिनी. रिकामटेकडे लोक त्याच्यासमोर एकच घंटी दोनदा वाजवून विचारायचे, सांगा नाईक, कोणती चांगली? तांबट त्याला घंट्या निवडू देईनात. दोन वर्षांनी तो बाजारात यायचा बंद झाला. पुढल्या साली कळलं की त्याचा स्वतःचा पोरगा दुकानातून वजनावर घंट्या घेतो. हे ऐकून मी हसलो, आणि हसणं मध्येच थांबलं, कारण वजनावर घेतलेली घंटी टेकडीपल्याड जात नाही हे मला माहीत होतं. त्यानंच सांगितलं होतं. जत्रेनंतर लगेचच मी स्वतःच्या हातानं नवी मशीन बांधायला घेतली होती. लढाईत सामान मिळेना, मग रझाकारांच्या भीतीनं आम्ही वाशिमकडे पळालो तेव्हा द्वारकेनं भांडी घेतली आणि मी मशीनचे काचेचे व्हॉल्व तिच्या लुगड्यांत गुंडाळून घेतले. ह्या भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परतलो. आणि आता मशीन पुरी झाली होती, सोळाही सूर बराबर होते, आणि मला ती चांगली आहे की नाही हे कळत नव्हतं. मी जवळून ऐकलं, लांबून ऐकलं, पाठ करून ऐकलं. गल्लीतले लोक म्हणाले वा! त्यांच्या ‘वा’ला काय अर्थ, ते माझ्या पहिल्या मशीनलाही वा म्हणाले होते. पाच वर्षं मी प्रत्येक तार एका माणसाला हरवायला जोडली होती आणि तो माणूस ऐकायलाच नव्हता. हरवायचं तरी कोणाला?

तिसऱ्या दिवशी गाडीत मशीन, बॅटऱ्या, कर्णा घातला आणि तांड्यावर गेलो. द्वारकेला म्हणालो गिऱ्हाईक आहे. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की मी माफी मागायला चाललो नाही. माझी मशीन त्याच्या तोंडून चांगली म्हणवून घ्यायला चाललो आहे, म्हणजे जत्रेत जे खोटं जिंकलो ते आता खरं जिंकीन. सूड पुरा होईल. नाईक घरापुढे लिंबाखाली बसला होता, वाळला होता. त्याची सून जिवनबाई पाणी घेऊन आली, तांब्या हातात न देता खाली ठेवला.

“काहून आले?” तिनं विचारलं.

“बस, उकंडराव,” नाईक म्हणाला. पूर्वी तो मला बसा म्हणायचा.

मी मशीन मांडली. जत्रेत न चुकलेली तार दोनदा भलत्याच जागी जोडली. “मी बांधली ही,” मी म्हणालो. “एकदा ऐका. तिकडं बांधापल्याड जाऊन ऐका.”

तो उठला नाही. “काटा काय म्हनते?”

“सोळाचे सोळा बराबर.”

“मंग बराबर हाय.”

मी तबकडी लावली, गाणं अख्खं वाजलं, तांड्यातली माणसं गोळा झाली. तो कर्ण्यापासून चार हातांवर, कर्ण्याकडे बघत बसला. मान खाली नाही, वर नाही. “झ्याक हाय,” तो म्हणाला.

“नाईक, तुमी ऐकलंच न्हाई.”

“काटा हाय ना.”

मग मी बोललो. भरभरून बोललो. मशीन एकच होती, पहिली तुम्ही ऐकली नव्हती हे मला ठाऊक होतं, तुमचं वाक्य मी तोडलं. जिवनबाई दारात थांबून ऐकत होती. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “मला ठाव हाय की,” तो म्हणाला.

“मंग लोकांना काहून न्हाई सांगितलं?”

“तू सांगशील म्हनलं. बाजारात दोन दसरे आलो वाट पाहत. मंग सोडलं.” आणि पुन्हा म्हणाला, “झ्याक हाय मशीन.”

मला ते सहन होईना. कर्ण्याच्या बुडाशी एक स्क्रू असतो, पडदा किती ताणायचा ते ठरवणारा. मी तो दोन फेरे सैल केला. आवाज फुटक्या मडक्यासारखा तडतडायला लागला. बहिऱ्यालाही कळावं, तांड्यातली पोरंठोरं कानांवर हात ठेवून हसायला लागली. “आता?” मी विचारलं.

“काटा?”

मी बघितलं. “सरळ.”

“मंग झ्याक हाय.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधत होतो, तो सापडला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण तो मला चिडवत होता, की खरंच आता काट्यावर भरवसा ठेवून बसला होता, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नव्हतं, आणि कळायला दुसरा मार्ग नव्हता. मी घाईघाईनं स्क्रू परत आवळायला लागलो. दोन फेरे. मग वाटलं, आवाज आधीपेक्षा कोंदट आहे. पाव फेरा मागे घेतला. आता पातळ वाटला. आधी नेमका कुठं होता? मीटर बघितला, काटा सरळ. जरा पुढे नेला, काटा सरळ. मागे नेला, सरळ. पाच वर्षं लावून जे जमवलं होतं ते ह्या अर्ध्या फेऱ्यात कुठंतरी होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. मी एकेक केसभर फिरवत त्याच्याकडे बघत राहिलो, आणि प्रत्येक वेळी तो तितक्याच आदबीनं म्हणत राहिला, “झ्याक हाय.”